सूत कातायला पेरूला कशाला?

प्रवासाच्या पुरवण्यांमधून अलीकडे एक नवी हौस डोकावू लागली आहे. पेरूत कुस्कोजवळच्या चिंचेरो गावी जायचं आणि तिथल्या बायांकडून हातचातीवर लोकर कातायला शिकायचं. ग्वातेमालात कमरेला पट्टा बांधून चालवायचा माग शिकायचा. नाहीतर लाओसात, लुआंग प्रबांगला मेकाँगच्या काठी बसून रेशीम रंगवायचं. ही हौस यवतमाळ जिल्ह्यात कुणाच्या कानावर गेली की पहिला शेरा ठरलेला असतो: "कापूस आपल्या वावरात, अन् सूत काताले पेरूले?"

वाक्य टाळी घेणारं आहे. वऱ्हाडी माणसाचा टोला नेमका बसतो. पण टोला बसला म्हणजे मुद्दा खरा ठरला असं नाही. जिथे कापूस आहे तिथे कताईही आहे, शिकायचं तर दार उघडून बाहेर पडलं की झालं, असं या टोल्यात गृहीत धरलेलं आहे. यवतमाळपुरतं बोलायचं तर हे गृहीतकच फोल आहे.

दसऱ्याच्या आगेमागे वेचणी सुरू होते. जुन्या घरांत अजून सीतादहीची पूजा होते, वावरात दहीभात जातो. वेचलेला कापूस आधी घरात आणि मग बाजार समितीत किंवा कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर जातो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, प्रेसिंगमध्ये रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, आणि ट्रक जिल्ह्याबाहेर पडतो. यवतमाळजवळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडची डेनिमची गिरणी आहे, पण ते काम यंत्राचं. गादी पिंजायला दारोदार येणारा, धनुकलीचा टणत्कार करणारा पिंजारीही आता दिसत नाही. वेचणी सोडली तर बोंडापासून कापडापर्यंतच्या एकाही टप्प्यावर जिल्ह्याचा हात लागत नाही. जन्मभर कापूस वेचलेल्या बाईला चात कशी फिरते हे ठाऊक असायचं काही कारणच उरलेलं नाही. मग वणीच्या किंवा राळेगावच्या मुलीनं 'दार उघडून' जायचं ते कुणाच्या दारी?

यावर दुसरा प्रतिपक्ष पुढे येतो. तो म्हणतो, वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख, विणकरांचा कधी नव्हताच. कच्चा माल पिकवणं हाच आपला पिंड. हे तर पहिल्यापेक्षाही चुकीचं आहे, आणि सोयीस्करपणे चुकीचं आहे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. या सुपीक काळ्या जमिनीवर त्यांचा डोळा का होता, हे पुढच्या वीस वर्षांत स्पष्ट झालं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस कमिशनर नेमला गेला, त्याचं नाव रिव्हेट-कारनॅक. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर राहिले. या कमिशनरनं आपल्या लिखाणात आडपडदा ठेवलेला नाही. रेल्वेनं विलायती कापड स्वस्तात आत येईल, इथला विणकर माग सोडेल आणि ते हात कापसाच्या शेतात कामाला लागतील, अशी त्याची उघड अपेक्षा होती. पुढे किलिक निक्सन कंपनीनं मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रूळ टाकले. त्या रुळांवरची 'शकुंतला' लोकगीतासारखी लाडकी झाली. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला बनलेलं होतं आणि ती वाहून नेत होती ती मँचेस्टरची भूक, हे मात्र तिच्यावरच्या हळव्या लेखांत सहसा वाचायला मिळत नाही.

आधी कातणाऱ्या बाया गेल्या. विणकर गिरणीच्या सुतावर आणखी काही दशकं तगून राहिले. १८७७ च्या १ जानेवारीला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा या प्रदेशात जाडंभरडं कापड विणणारे कोण होते? शहरांतून आणि कसब्यांतून कोष्टी होते, साळी होते. खेड्यांतून फार मोठ्या संख्येनं महार होते. उमरेड-पवनीचं तलम कापड भोसल्यांच्या काळात पुण्यापर्यंत जात असे. तेव्हा परंपरा 'नव्हती' असं म्हणणाऱ्यांनी एवढंच तपासावं, की ती ज्यांच्या हातात होती ते गावकुसाच्या कुठल्या बाजूला राहत होते. विस्मरण सगळ्यांच्या बाबतीत सारखं होत नाही.

एवढं सगळं झाल्यावरही बोटांत काहीतरी शिल्लक आहे, हे नाकारता येणार नाही. श्रावणात कुठल्याही घरात वाती वळणाऱ्या आजीकडे बघावं. सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका ती आधी चिमटीत धरून मोकळा करते, धागे एका दिशेला आणते, मग अंगठा-तर्जनीनं हळूच ओढत लांबवते. तुटायच्या बेतात आला की थांबते, बोटाला किंचित राख किंवा दूध लावते आणि पीळ देते. पूजेच्या वस्त्राची मणी पाडलेली माळ करताना तर ती जाड-बारीकपणा हुकमी साधते. कताईतला सगळ्यात अवघड भाग हाच, पीळ चढण्याआधी तंतू किती ओढायचा याचा अंदाज. चरख्यावर नवख्या माणसाचे पहिले काही दिवस यातच जातात. डाव्या हातातला पेळू चातीच्या टोकाशी तिरका धरायचा, उजव्या हातानं चाक फिरवायचं, डावा हात खांद्यापर्यंत मागे न्यायचा. हात घाईनं नेला तर धागा तुटतो, रेंगाळला तर पीळ जास्त चढून गाठी पडतात. लक्षवाती वळलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. पण तिच्या या कसबाला कुणी कसब म्हणत नाही, ते 'देवाधर्माचं' म्हणून सोडून दिलं जातं.

आता तिसरा प्रतिपक्ष. हा मात्र वजनदार आहे, कारण तो आकडे मांडतो. तो म्हणतो, शिकून करायचं काय? पोट भरत नाही. त्याच्या हिशेबाला उत्तर देण्याआधी तो हिशेब पूर्ण मांडायला हवा, कारण खादीचे भाबडे भक्त तो नेहमी अर्धवट ठेवतात.

वीस नंबरचं सूत घेऊ. एक किलो रुईचं सुमारे ३४ किलोमीटर सूत होतं. एका चातीच्या चरख्यावर बरा हात असलेली व्यक्ती तासाला तीन-चारशे मीटर कातते. म्हणजे किलोला शंभरच्या आसपास तास. एक क्विंटल कापसातून ३३-३४ किलो रुई निघते. तेव्हा शेतकऱ्याच्या घरातला एकच क्विंटल कापूस कातायचा म्हटलं, तर रोज आठ तास बसून एका माणसाला वर्षाहून जास्त काळ लागेल. त्याच क्विंटलला लांब धाग्याच्या कापसासाठी २०२५-२६ चा हमीभाव आहे ८,११० रुपये. एकरी उतारा आणि कर्जाचा हप्ता यांत अडकलेल्या जिल्ह्याला 'सूत काता, आत्महत्या थांबतील' असं सांगणारे लोक आहेत. ते हा हिशेब करत नाहीत, किंवा करून लपवतात. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९८६ च्या मार्चमध्ये बायको-मुलांसह जीव दिला. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. या दुखण्यावर चरखा हा उतारा नाही, आणि तसा दावा करणं हा दुखणाऱ्यांचा अपमान आहे. इथपर्यंत आकडेवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

पण त्यांची चूक पुढच्या पायरीवर होते. कातलेल्या सुताची किंमत आणि कातायला शिकवण्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या वहीत कुठेच येत नाही. आणि परदेशातली उदाहरणं कामाला येतात ती नेमकी इथे.

ग्वातेमालात १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी युद्ध चाललं. त्यात उद्ध्वस्त झालेल्या डोंगराळ गावांतल्या बायांनी १९८८ मध्ये केत्सालतेनांगो शहरात ट्रामा टेक्स्टिल्स ही विणकरांची सहकारी संस्था उभी केली. ती कापड तर विकतेच, पण माग शिकवण्याचे धडेही विकते. जितके धडे तितके पैसे. पेरूत निल्दा कायान्याउपा या चिंचेरोच्या विणकर बाईनं १९९६ मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रांचं केंद्र काढलं. तिथेही तेच दुखणं होतं. तरुण मुलं लाजत होती, जुने नमुने विसरले जात होते, बाजारात कृत्रिम धाग्याचं स्वस्त कापड आलं होतं. केंद्रानं गावोगावच्या म्हाताऱ्यांना शिक्षकाच्या जागी बसवलं आणि मुलांचे गट त्यांच्यासमोर. लुआंग प्रबांगचं 'ऑक पॉप टॉक' २००० साली एक लाओ विणकर तरुणी आणि एक इंग्रज छायाचित्रकार यांनी मिळून काढलं. तिथेही पाहुण्यांना शिकवणं हा धंद्याचा भाग आहे, कारागिरावर केलेला उपकार नाही.

यात दिखाऊपणा नाही असं नाही. चिंचेरोत पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात. एक बाई निवडुंगावरचा कोचिनियल किडा तळहातावर चिरडते, लालभडक रंग दाखवते, त्यावर लिंबू पिळून रंग पालटवते. दहा मिनिटांत खेळ संपतो आणि गाडी पुढे निघते. याला शिकणं म्हणणाऱ्याची थट्टा जरूर करावी. पण शिकायला बसलेला माणूस आणि बसमधून उतरलेला माणूस यांना एकाच मापानं मोजू नये. जो मागावर बसतो त्याचा ताणा सैल पडतो, ओळ चुकते, शिकवणारी बाई काहीएक न बोलता चार बोटं विणलेलं उसवायला लावते. त्या उसवण्याचेच पैसे तो देतो. आपल्याकडे कारागिराला मिळतं काय? मेळाव्यात शाल आणि नारळ, योजनेच्या यादीत 'लाभार्थी' ही पदवी, आणि प्रदर्शनाच्या मांडवात कठड्यापलीकडची जागा.

"आम्ही शाळेत टकळी कातली आहे, त्यातून कुणाचं काय झालं?" हा प्रश्न साठीच्या पुढचे अनेक जण विचारतात. रास्त आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम निघाली. उद्योगातून शिक्षण हा तिचा गाभा, आणि टकळी हे तिचं हत्यार. स्वातंत्र्यानंतर ती मराठी शाळांत तासाच्या वेळापत्रकात शिरली. पण शिकवणारे कोण होते? बहुतेक ठिकाणी गुरुजी, जे स्वतः एका प्रशिक्षणात टकळी फिरवून आलेले. विणकराला वर्गात कुणी आणलं नाही. सूत जमा झालं, गुण मिळाले, आणि त्या सुताचं कापड मुलांनी बहुधा कधी पाहिलं नाही. तो प्रयोग फसला तो कारागिराशिवाय कसब शिकवू पाहिल्यामुळे. त्याचा दाखला कारागिराकडून शिकण्याविरुद्ध देणं म्हणजे आचाऱ्याला न बोलावता केलेल्या पंगतीवरून आचारी निरुपयोगी ठरवणं.

खुद्द गांधींचीही हीच गोष्ट आहे, आणि ती वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी विसरू नये. 'हिंद स्वराज' लिहिलं तेव्हा त्यांनी चरखा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेतून १९१५ मध्ये परतले तेव्हाही नाही. अहमदाबादच्या आश्रमात माग आले, पण ते चालवायचे कसे हे कुणालाच माहीत नव्हतं. पालनपूरहून एक विणकर आणला, तर तो आपली सगळी विद्या सांगायला राजी नव्हता. मगनलाल गांधी चिकाटीनं शिकले. चरखा सापडला तो गंगाबेन मजमुदार यांना बडोदे संस्थानातल्या विजापूरला, घरोघर माळ्यांवर धूळ खात पडलेला. तेव्हा ज्या चरख्याच्या नावानं पेरूला जाणाऱ्यांना हिणवलं जातं, तो चरखा परदेशातून परतलेल्या बॅरिस्टराला शोधावा लागला होता. उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. हिंदुस्थानात येण्याआधीच मॅडलीन स्लेड युरोपात कातायला शिकल्या, १९२५ मध्ये इथे येऊन मीराबेन झाल्या, आणि १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधींच्या आधी राहायला गेल्या. अमेरिकन वकील रिचर्ड ग्रेगही १९२५ मध्येच आले आणि १९२८ मध्ये त्यांनी खादीच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं. कसब शिकण्यासाठी समुद्र ओलांडणं ही आजची चूष नव्हे.

त्या पालनपूरच्या विणकराकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. खादीच्या कथांमध्ये तो नेहमी अडसर म्हणून येतो. पण त्यानं गैर काय केलं? विद्या हीच ज्याची इस्टेट, त्यानं ती फुकटात का वाटावी? आज ग्वातेमालातल्या माया विणकर बाया हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारत आहेत. आमचे नमुने उचलून बाहेरच्या कंपन्या कपडे विकतात, तेव्हा त्या नमुन्यांवर आमचा सामुदायिक हक्क माना, अशी त्यांची मागणी आहे. परदेशात शिकून येणाऱ्यांवर घेण्यासारखा खरा आक्षेप हाच आहे. कापूस घरी असताना तिकडे का गेलात, हा आक्षेप फुसका. शिकलेला नमुना परतल्यावर कुणाच्या नावानं विकलात, हा आक्षेप टोकदार. पण तो घेण्यासाठी आधी कारागीर हा मालक आहे हे कबूल करावं लागतं, आणि हिणवणाऱ्यांची तयारी नेमकी तिथेच संपते.

आपल्याकडे काहीच उरलं नाही, हे रडगाणं शेवटचं. आंध्रातल्या पोंडुरूला बाया आजही वालुगा माशाच्या जबड्यानं कापूस विंचरतात आणि शंभर नंबरच्या पुढचं सूत काढतात. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला टसरच्या करवतकाठी साड्यांचे माग आहेत. यवतमाळच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणात 'मलखा' कापड काढणाऱ्यांनी वेगळीच वाट धरली. कापूस गाठीत दाबून दगड करायचा आणि मग गिरणीत यंत्रानं पुन्हा फोडायचा, हा उलटा उद्योग टाळून शेताजवळच छोट्या यंत्रांवर सूत काढायचं. यवतमाळच्या जिनिंगवाल्यांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी निदान बघून यावं असं हे काम आहे. आणि वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालय उभं आहे, ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते उघडलेलं. तिथे चरख्यांच्या पिढ्याच्या पिढ्या पाहायला मिळतात, खादी आणि नैसर्गिक रंगांचं कामही चालतं. यवतमाळहून अंतर सुमारे ७० किलोमीटर.

शिकण्याचा शेतकऱ्याला काही उपयोग आहे का, याचंही उत्तर देऊन टाकू. सूत कातणाऱ्याच्या बोटांना धाग्याची लांबी, कच्चेपणा, कवडी कापसाचा तुटकेपणा कळतो. बाजार समितीत व्यापारी पुंजका ओढून जे बघतो आणि भाव पाडतो, ते काय बघतो हे विकणाऱ्यालाही कळलं तर त्यात नुकसान नाही. भाव त्यामुळे वाढेल असं कुणी म्हणू नये. निदान खोटं बोललं जातंय की खरं, एवढं ओळखता येईल.

तेव्हा पेरूला जाणाऱ्यांना यवतमाळनं जाऊ द्यावं. परत आल्यावर त्यांना एकच विचारावं, तिथे शिकवणाऱ्या बाईला धड्याचे किती दिले? तो आकडा घेऊन पुढच्या वेचणीच्या हंगामात जिल्ह्यातल्या एखाद्या महिला बचतगटानं, कृषी विज्ञान केंद्रानं किंवा जिनिंगच्या मालकानं एक कारागीर शिक्षक म्हणून बोलवावा, पोंडुरूचा, आंधळगावचा किंवा वर्ध्याचा. तासाचा दर फलकावर लिहावा, आणि काय शिकवायचं, काय राखून ठेवायचं हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. २८ फेब्रुवारी २०२४ पासून वर्धा ते कळंब रेल्वेही सुरू झाली आहे. शिक्षक आणायला गाडी आता जिल्ह्याच्या दारात थांबते.